अळणीचे तीन दिवस

विहिरीला ओल लागल्याचा निरोप आला की माय मिठाचं मडकं उतरंडीमागे सारून द्यायची. मग तीन दिवस सगळं अळणी. ज्वारीची भाकर अळणी, वरण अळणी, आंबाडीची भाजी अळणी. ठेचा तर बंदच, कारण बिनमिठाचा ठेचा म्हणजे तोंडाला नुसता जाळ. खरं म्हणजे मीठ एकट्या बानं सोडायचं असे, पण एका चुलीवर दोन स्वयंपाक कोण करणार, म्हणून सगळ्या घरालाच ते घडायचं. पहिल्या दिवशी घास तोंडात नुसता फिरत राहायचा. दुसऱ्या दिवशी भाकरीची स्वतःची गोडी कळायला लागायची. आणि तिसऱ्या दिवशी, तुम्हाला खोटं वाटेल, पण तव्यावरची भाकर कोणती आणि आरावर फुगवलेली कोणती हे मी डोळे मिटून सांगायची. कुरकुर केली की माय म्हणायची, "खाय वं मुकाट्यानं. मीठ का कुठी पयून चाललं?"

हे सगळं कशासाठी, ते आधी सांगते. आमचं येरणगाव पूर्णेच्या खोऱ्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. वर काळीभोर जमीन, कापूस असा की पाहत राहावं, आणि खाली खारं पाणी. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, चहात दूध घातलं की ते फाटतं, आणि डाळ शिजत नाही. तुरीचं गाव आमचं, अन् तीच तूर दोन दोन तास रटरटूनही दाणा दाण्यापासून वेगळा. पाहुणा पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करायचा आणि आमची माणसं त्याची मजा पाहायची. पण नाल्याच्या अंगानं जमिनीत कुठे कुठे वाळूचा थर आहे. त्यात पावसाचं गोड पाणी साचून राहतं, दुधावर साय राहते तसं, खाऱ्या पाण्याच्या वर. विहीर त्या सायीत थांबली तर गाव तरलं. हातभर जास्त खणली की खालचं खारं वर येतं, आणि एकदा आलं की जात नाही. वेशीजवळ एक भली मोठी बांधीव विहीर होती, तिला सगळे हावरी विहीर म्हणत. माझ्या आज्यानं तिथे 'थांबा' म्हटलं होतं आणि कोणी थांबलं नव्हतं. अजून दोन हात, अजून दोन हात. पुढे तिच्या पाण्यानं फक्त म्हशी धुतल्या.

तेव्हापासून गावानं ठरवलं की आमच्या घरची जीभ म्हणेल तिथे थांबायचं. आज्यानंतर बा. तो विहिरीत उतरायचा, तळाचा चिखल बोटावर घ्यायचा, जिभेवर ठेवून डोळे मिटायचा, मग थुंकून म्हणायचा, "अजून हातभर." पुन्हा खणणं, पुन्हा चाखणं. आणि मग एकदा, "बस." मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सहा वर्षांची असेन. अख्खं गाव काठावर उभं, कोणी खोकत नाही, कोणी तंबाखू मळत नाही, आणि सगळ्यांचे डोळे माझ्या बापाच्या तोंडाकडे. मला वाटलं, माझा बा जमिनीशी बोलतो आणि जमीन त्याला उत्तर देते. आज पंच्याहत्तरी ओलांडली तरी माझं मत तेच आहे. आता शहरात, जठारपेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर पाणी गाळायचं यंत्र आहे, त्यावर हिरवा दिवा लागला की पाणी चांगलं म्हणे. नात म्हणते, "आजी, मशीन सांगते ना, मग तू काहून चाखून पाहतेस?" काय सांगू तिला, कपाळ!

यातली खरी गोम पुढे आहे. आम्ही गावकुसाबाहेरचे. ज्या विहिरीचं पाणी माझ्या बापाच्या जिभेनं गोड ठरवलं, तिच्या काठाला हात लावायची त्याला मुभा नव्हती. विहीर खणेपर्यंत आमची माणसं खड्ड्यात उतरलेली चालत. पाणी लागलं की विटाळ. माय काठापासून दहा पावलांवर घागर ठेवून बसून राहायची, कोणाला दया आली तर ती बाई वरून ओतायची. नाही तर वस्तीतली खारी विहीर होतीच. वर्षभर आम्ही तेच पाणी प्यायचो, त्यातच रांधायचो, म्हणून आमच्या वस्तीत वरणात मीठ टाकतच नसत. पाण्यातच होतं. फक्त अळणीचे तीन दिवस गावातून गोड पाण्याच्या दोन घागरी आमच्या दारात येत, बाची जीभ बिघडू नये म्हणून. त्या तीन दिवसांत डाळ अशी मऊ शिजायची की मी चुलीपाशीच वाटी घेऊन बसायची. मीठ नाही आणि डाळ लोण्यासारखी, असे ते दिवस.

माय सातपुड्याच्या पायथ्याची, गोड पाण्याची लेक. लग्नानंतर पहिल्याच दिवशी तिनं आमच्या खाऱ्या पाण्यातल्या वरणात माहेरच्या सवयीनं चिमूटभर मीठ टाकलं आणि घरातल्या नऊ माणसांनी पहिला घास तसाच बाहेर काढला. झालं! "हिच्या जिभेले काई समजत नाई," असं जे घरानं ठरवलं ते ठरवलं. पाहुणे आले की बा तो किस्सा सांगायचा, माय पदरात तोंड लपवून हसायची. मीही हसायची, आता त्याची लाज वाटते.

मग बा नागपूरला जाऊन धम्म घेऊन आला. आल्या दिवसापासून जोहार घालणं बंद, मेलेलं ढोर ओढणं बंद, आणि विहिरी चाखणंही बंद. "ज्या पान्याले मी शिवू शकत नाई, थे गोड का खारं, मले काय करा लागते?" गावानं चार दिवस दातओठ खाल्ले आणि गप्प बसलं, कारण तेव्हा गावची गोड विहीर शाबूत होती. पण दोन-तीन वर्षांनी नाल्याला पूर आला, त्या विहिरीची कड ढासळली आणि ती गाळानं बुजली. मग उच्च काय अन् नीच काय, सगळ्यांच्या तोंडी तेच खारं पाणी. पाटलिणीचा चहा फाटायला लागला तेव्हा तिचे यजमान सरपंच बळवंतराव आमच्या दारात आले.

"शामराव, हायेत का घरी?" आजवर आरोळी यायची ती 'शाम्या' अशी. बानं बाज टाकली, बळवंतराव तिच्या अगदी कडेवर टेकले. तुळशीराम माळ्यानं नाल्याकाठची आपली वांग्याची वाडी विहिरीसाठी दिली आहे, सगळं गाव श्रमदान करणार आहे, सरकारी ओव्हरसिअर नकाशा घेऊन येणार आहे, फक्त थांबायचं कुठे ते सांगणारा पाहिजे. बानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चाखतो. पन पयली बादली माही पोरगी शेवंता काढन. अन् मंग आमच्या बाया तुमच्या बायाइच्या संगं, एकाच रांगीत पानी भरतीन. कबूल असन तं सांगा." बळवंतराव बाजेवरून उठले. "कबूल," ते म्हणाले. ते गेल्यावर माय चुलीपासूनच बोलली, "अडला हरी, गाढवाचे पाय धरी."

"म्हंजे मी गाढव?" बा म्हणाला.

तो हसला खरा, पण एक गोष्ट बळवंतरावांना ठाऊक नव्हती. त्याच हिवाळ्यात तो मुदतीच्या तापातून उठला होता. उठल्यावर पहिल्यांदा जेवायला बसला आणि मायला म्हणाला, "आज पिठलं अळणी काहून लागते वं?" मायनं माझ्याकडे पाहिलं. मी पिठलं चाखलं, मीठ अगदी बेताचं होतं. बानं मुठीत खडेमीठ घेऊन तोंडात टाकलं, चावलं, आणि त्याचं तोंड जरासुद्धा वाकडं झालं नाही. तापानं त्याची जीभ नेली होती, ती परत आली नाही. ही गोष्ट आम्हा तिघांशिवाय कोणाला ठाऊक नव्हती, आणि ठाऊक झाली असती तर कबूल केलेली रांग तिथेच मोडली असती.

मग त्यानं मला शिकवलं. अकरा वर्षांची मी, रोज शाळेतून आले की बा नाल्यावर घेऊन जायचा, पळसाच्या पानावर चिखलाचे गोळे मांडायचा. "जिभेच्या शेंड्यावर नोको, कडेले ठेव. थांब. घाई करू नोको. आता सांग." पहिले आठ दिवस मला सगळा चिखल चिखलासारखाच लागला. मग हळूहळू उलगडायला लागलं. वाळूचा चिखल थंड लागतो, काळ्या मातीचा जिभेला चिकटतो, आणि खारं जवळ आलं की जिभेच्या कडेला बारीक टोचतं. मीठ लागत नाही, नुसतं टोचतं. पायाखालच्या जमिनीत एवढं सगळं भरलेलं आहे आणि आपण त्यावर नुसते लंगडी खेळतो, या विचारानं मला वेड लागायची पाळी आली होती. वस्तीतली पोरं मला 'माती खानारी' म्हणून चिडवायची. विहिरीवर काय करायचं तेही ठरलं: बानं चिखल चाखल्याचं दाखवायचं, तोंड धुवायला लोटा मागायचा, तो मी द्यायचा. त्याच वेळी तो गोळा माझ्या मुठीत सरकवणार. मी वळून चाखायचं. उजव्या हातानं लोटा दिला तर खणा, डाव्या हातानं दिला तर थांबा.

चैत्रात विहीर सुरू झाली. काय दिवस होते ते! सकाळी कुदळींचा ठणठणाट, टोपल्यांची माळ, रहाटाचा कुरकुर आवाज, खालून 'ओढ रे' अन् वरून 'हो रे'. दुपारी तुळशीरामकाकांच्या वाडीतल्या वांग्याचं भरीत आणि भाकरी. जेवायला आम्ही बाभळीखाली वेगळे बसायचो, पण भरीत एकाच परातीतलं यायचं, आणि तेवढ्यानंही आमची म्हातारी माणसं हरखून जायची. सोळा हातांवर ओल लागली. अळणीचे तीन दिवस सुरू झाले. गोड पाण्याच्या घागरी या वेळी दोन कोसांवरच्या नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून भरून आल्या.

चौथ्या दिवशी चाखणं सुरू झालं. त्या दुपारी तुळशीरामकाकांची कमळी, माझ्या वर्गातली, आंब्याखाली कैरी कापत बसली होती. "घे वं," म्हणून तिनं फोड पुढे केली. तीन दिवसांची उपाशी जीभ माझी. फोड तोंडात गेली, चावली, गिळली, बोटंही चाटली, आणि मग मला आठवलं. फोडीला तिखटमीठ लावलेलं होतं. मी धावत जाऊन चुळा भरल्या, कडुनिंबाचा पाला चावला, पदराच्या टोकानं... पदर कुठला, परकराच्या टोकानं जीभ खरडली. कोणाला सांगायची हिंमत झाली नाही.

सकाळी दोनदा मी उजव्या हातानं लोटा दिला होता. दोन्ही वेळा चिखल थंड होता, खात्रीचा. जेवणानंतर तिसऱ्यांदा बा वर आला, त्यानं सगळ्यांसमोर डोळे मिटून चाखल्याचं सोंग केलं, लोटा मागितला, गोळा माझ्या मुठीत दिला. मी वळले, जिभेच्या कडेला ठेवला. टोचलं. पण ते जमिनीचं टोचणं होतं की कमळीच्या कैरीचं? पुन्हा ठेवला. पुन्हा टोचलं. ओव्हरसिअर नकाशा उलगडून म्हणत होता, "पन्नास फूट आहे कागदावर, अजून पुष्कळ खोल जायचंय, चला." खाली माणसांनी कुदळी उचलल्या. उगाच थांबवलं तर वैशाखात विहीर कोरडी पडणार, आणि चुकून खणू दिलं तर दुसरी हावरी विहीर. कसंही चुकलं तरी आमच्या बायांची रांग त्यात बुडणार होती. लोटा माझ्या दोन्ही हातांत होता. बा माझ्याकडे पाहत होता.

"बा, म्या मीठ खाल्लं," मी म्हणाले. हळू म्हणायचं होतं, पण ओरडल्यासारखं निघालं.

"पोट्टीच्या मिठाचा अन् इहिरीचा काय संबंध?" बळवंतराव म्हणाले. बाला अजूनही काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. त्यानं माझ्या हातातला लोटा घेऊन खाली ठेवला. "माही जीभ तापात गेली, बळवंतराव. चाखून राहिली ते हे पोरगी." मग जो गोंधळ उठला! "गावाले फसवलं!" "आता रांग बी नाई अन् काई नाई!" ओव्हरसिअर कपाळाला हात लावून म्हणाला, "जिभेवर विहिरी खणता काय रे तुम्ही? खणा खाली." मी रडायला लागले. ते आसूही खारटच होते, एवढं मात्र मला कळलं.

तेव्हा बाभळीखालून माय उठली. डोक्यावरचा पदर सारखा करत ती सगळ्या माणसांमधून चालत आली. "थांबा जरा. आन थो गोया इकडं," म्हणून तिनं माझ्या मुठीतून गोळा काढून घेतला.

"अवं, तू?" बा म्हणाला.

"मंग? तीन दिवस मी का लाडू खाऊन राहिली होती?" माय म्हणाली. "अठरा वर्सं तुमच्या संगं अळणी खाल्लं म्या. दर बारीले. मले कोनी इचारलं?"

मायनं चिखल जिभेवर ठेवला. डोळे मिटले नाहीत. ती सरळ समोर नाल्याकडे पाहत होती. मग थुंकली. "वाळू सरली. खारं याले लागलं. आता बोटभर बी खाली नोका जाऊ."

बळवंतराव म्हणाले, "बाईच्या बोलावर गावची इहीर सोडू का?" तेव्हा तुळशीरामकाका पुढे आले. वांगी त्यांची गेली होती, त्यामुळे त्यांच्याइतकी खरी काळजी कोणाला नव्हती. "थांबा," ते म्हणाले, "परीक्षा घेऊ." ते झोपडीमागे गेले आणि पितळेचे तीन लोटे भरून आणले. मायनं ओंजळ पुढे केली, त्यांनी वरून धार धरली, जशी धरायची रीत होती तशी. पहिल्या लोट्याला माय म्हणाली, "नदीतल्या झिऱ्याचं." दुसऱ्याला, "तुमच्या मोटंवरचं मचूळ पानी, वांग्याले देता थे." तिसऱ्याचा घोट तिनं तोंडात घोळवला. खूप वेळ घोळवला. विहिरीतली माणसंसुद्धा माना वर करून उभी. "हे दोन पान्याचं हाय. झिऱ्याचं जास्त, मोटंचं थोडंसं. अन् भाऊजी, लोटा चिंचेनं घासला, पन धुतला नाई चांगला."

तुळशीरामकाकांनी लोट्यात डोकावून पाहिलं, वास घेतला आणि मटकन खाली बसले. "बाई, बाई, बाई," एवढंच ते म्हणत होते. ही माझी माय, जी रोज भाकरी थापते, शेण गोळा करते, जिच्या जिभेला काही कळत नाही म्हणून आम्ही सगळे हसत आलो. गोड पाण्याच्या गावची ती जीभ इतकी वर्षं आमच्याच चुलीपाशी बसलेली होती. देवदेव आम्ही सोडले होते तेव्हा, नाही तर मी तिथेच तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं. बळवंतरावांनी विहिरीत वाकून हाक मारली, "वर या रे! बस झालं." ओव्हरसिअरनं नकाशाची गुंडाळी करून काखेत मारली.

त्या संध्याकाळी मायनं ताट वाढलं तेव्हा बा तिच्या हाताकडे पाहत राहिला, मग मला म्हणाला, "खारं सांगाले गेली अन् खरं सांगून बसली." रागावला का म्हणून मी घाबरत पाहिलं, तर तो हसत होता आणि डोळे पुसत होता. तो वरणाचा किस्सा त्यानं पुन्हा कधी कोणाला सांगितला नाही.

सकाळी विहिरीत कमरभर पाणी होतं, तळची वाळू दिसेल इतकं नितळ. सगळं गाव आलं. एका बाजूला गावच्या बाया, एका बाजूला आमच्या, मधे रहाट. बानं मला काठावर चढवलं. बादली जड होती, दोर हाताला काचत होता, पण कोणी मदत केली नाही आणि मला नकोच होती. लोटा भरला. गावात पहिला मान सरपंचाचा, म्हणून बळवंतराव पुढे आले, वाकले आणि त्यांनी ओंजळ केली. मी लोटा वर उचलला. ती ओंजळ मी ओळखत होते, आजवर खालून धरलेली. आता माझा हात वर होता आणि गावचा सरपंच खाली. एक क्षण मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू. मग मी लोटा खाली आणला. "काका, हातात घ्या," मी म्हणाले.

बळवंतराव तसेच वाकलेले राहिले. मग सरळ झाले, त्यांनी माझ्या हातातून लोटा घेतला आणि तोंड लावून प्यायले. सगळा. मिशी पुसत त्यांनी बादलीतून तो पुन्हा भरला आणि माझ्याकडे न देता मायसमोर धरला. "तुमी पाहा, बाई. तुमी सांगसान तवा खरं."

मायनं लोटा घेतला. तिनं एक घोट घेतला, गिळला, दुसरा घेतला. "गोड हाय," ती म्हणाली. मग आमच्या वस्तीतल्या बायांकडे वळून म्हणाली, "बायाओ, आता वरनात मीठ टाका लागन बरं!" तिकडच्या आणि इकडच्या सगळ्या बाया एकदमच हसल्या, आणि हसता हसता घागरी उचलून कोण कोणाच्या मागे उभी राहिली ते कोणाच्या ध्यानातच आलं नाही.